पडदेशास्त्री

पडदेशास्त्रींना ‘सिनेमा कसा होता?’ असं विचारू नये. ‘दोन पॉइंट एकोणचाळीस’ असं उत्तर येतं. हे गुण नव्हेत. पडद्याची रुंदी उंचीच्या किती पट, त्याचा तो आकडा. अशी एक तरी वल्ली हल्ली प्रत्येक सोसायटीत असतेच. थिएटरात शिरल्यावर ते आधी पडदा बघतात, मग मागची प्रोजेक्टरची खिडकी, आणि बायको कुठे बसली हे सगळ्यात शेवटी. ‘लेसर आहे की झेनॉन?’ असं ते डोअरकीपरला विचारतात. तो म्हणतो, ‘मध्यंतरात. काउंटरवर मिळेल.’

रुंदीची वंशावळ त्यांना तोंडपाठ. १९२७ साली आबेल गान्सने ‘नेपोलियन’च्या शेवटी तीन पडदे शेजारी शेजारी मांडले. १९५२ च्या सिनेरामात तीन प्रोजेक्टर वक्र पडद्यावर चित्र जोडत, पण सांधे दिसत. ‘बेन-हर’ २.७६. आपला पहिला सिनेमास्कोप १९५९ चा ‘कागज के फूल’. आणि ‘शोले’ सत्तर एमएम म्हणून फार नाचू नका, चित्रीकरण पस्तीसवरच झालंय, मागाहून मोठं केलं. हे ते मुंजीच्या पंगतीतही सांगतात. गब्बरने ठाकूरचे हात का तोडले, हे मात्र त्यांना आठवत नाही.

सध्या त्यांच्या डोक्यात ‘क्षितिजस्कोप’ आहे. सहास एक! अजून कोणी काढलेला नाही, पण आराखडा एका लग्नपत्रिकेच्या मागे तयार आहे. ‘अहो, माणसाचे डोळे आडवे आहेत, उभे नाहीत,’ हा त्यामागचा सिद्धांत. खुर्च्या फिरत्या. नायिका डावीकडून बोलणार, नायक उजवीकडून उत्तर देणार. प्रेक्षकांनी टेनिससारखी मान हलवायची.

‘आणि क्लोजअप?’ मी विचारलं.

‘चेहरा मधोमध.’

‘दोन्ही बाजूंना काय?’

‘वातावरण!’

गोदारच्या एका चित्रपटात फ्रिट्झ लांग म्हणतो, की सिनेमास्कोप माणसांसाठी नाहीच. साप आणि अंत्ययात्रा यांच्यापुरता ठीक आहे. हे ऐकवल्यावर शास्त्री खुलले. ‘आमच्यात दोन्ही एकदम मावतील!’

हे सगळं ते दहा फुटी हॉलमध्ये बसून सांगतात. पंचाहत्तर इंची टीव्हीमागे खिडकी गेली, देव्हारा स्वयंपाकघरात गेला. वहिनींनी विचारलं, ‘अहो, वारा कुठून यायचा?’ तर म्हणाले, ‘आवाज बघ ना कसा चहूबाजूंनी येतोय!’

शिवाय चित्र ‘सुधारायचा’ नाद. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींचा. त्यांचा टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच रचून भरतो. याला मोशन स्मूदिंग म्हणतात, आणि याच्या कृपेने कोणताही भव्य चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. त्यावर एआय. परवा एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाचे त्यांनी एवढे लाड केले, की दरोडेखोराच्या तोंडावरचे देवीचे व्रण, सुरकुत्या, दाढीचे खुंट, सगळं साफ! गाल मेणाचे. आई म्हणाल्या, ‘नवरदेव दिसतोय हा. दरोडेखोर कधी येणार?’

‘आई, नॉइज गेला!’ शास्त्री कृतार्थ झाले.

२०१८ मध्ये खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं, की घरच्या टीव्हीवरचं हे प्रकरण बंद करा. शास्त्रींचं मत, ‘त्याला विमानाला लटकायला सांगा. टीव्हीतलं त्याला काय कळतंय?’

तेव्हा त्यांच्याकडे सिनेमा बघायला जाणार असाल तर एवढं करा. ते चहाचं सांगायला आत गेले, की रिमोट उचला, सेटिंगमध्ये पिक्चर, त्यात मोशन, आणि ऑफ. आवाज न करता. आईंना आधी सांगून ठेवा. त्या दाराकडे लक्ष ठेवतात.