चकाकीची वजाबाकी

समुद्रकाठच्या माणसाने काळी गाडी घेऊ नये, हे एडवणमध्ये शाळकरी पोरही सांगेल. पण आमच्या घरी गाडीचा रंग बहुमताने ठरला आणि आमचं बहुमत पुण्यात राहतं. पुण्यातून ती गाडी फार सुंदर दिसते. एडवणला मात्र ती सकाळी पांढरी असते. रात्री हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की बॉनेटवरचं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि ऊन चढलं की वाळून पुन्हा हजर होतं. त्यात किनाऱ्याची रेती मिसळते. रेती म्हणजे क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोह्स मापावर तिचा नंबर 7. एवढं सगळं गाडीवर जमलं की आपण काय करतो, तर जुना पंचा घेतो आणि कोरडाच फिरवतो. वर त्याला ‘गाडी पुसली’ म्हणतो.

त्या पुसण्याचे ओरखडे उन्हात दिसतात. ते असतात आडवेतिडवे. पण उजेड ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढेच चमकतात, म्हणून बॉनेटमधल्या सूर्याभोवती कोळ्याने गोल जाळं विणल्यासारखं वाटतं. माझा भाचा विरारला गाड्या धुण्या-चमकवण्याचा धंदा करतो. त्याने एकदा खिशातला टॉर्च काढून ते जाळं मला दाखवलं. त्याआधी माझं आयुष्य सुखाचं होतं.

मी तारापूर एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या खात्याचा माणूस कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही. पॉलिशच्या डब्यावर ‘हाताने किंवा मशीनने वापरा’ असं छापलेलं होतं. हाताने की मशीनने? मशीन तर कोणतं? छापणाऱ्याने हा प्रश्न ग्राहकावर सोडला होता आणि ग्राहक नेमका मी निघालो. भाच्याला फोन केला. रविवारी सफाळ्याहून येणाऱ्या रिक्षातून तो तीन मशिनं, फोमचे आणि लोकरीचे पॅड आणि चिकटपट्टीचं रीळ घेऊन उतरला. रिक्षातल्या बाकीच्या प्रवाशांना त्याने वाटेतच सगळं समजावलं असावं, कारण तेही त्याच्याबरोबर उतरले.

अंगणात नारळाच्या सावलीत चाचणी मांडली. सावली सोडून मांडा, हे शेजारच्या काकांचं म्हणणं. नारळाखाली उभ्या गाडीच्या पॉलिशची चिंता करणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला. गाडी धुतली, वाळवली, बॉनेटवर चिकटपट्टीने पाच पट्ट्या आखल्या. एक हातासाठी, तीन मशिनांसाठी आणि मधली एक तशीच सोडून द्यायची, तुलनेसाठी. पॉलिश सगळीकडे तेच. त्यातली घासणारी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आपला कुरुंद. मोह्स मापावर 9. माणिक आणि नीलम याच कुळातले. हे ऐकल्यावर सौभाग्यवती म्हणाली, “माझ्या वाट्याला कधी आलं नाही ते बॉनेटला आलं.”

हाताची पट्टी माझ्याकडे होती. तिच्याबद्दल एवढंच सांगतो, की खांदा अजून माझाच आहे.

मग रोटरी. गावाकडच्या गॅरेजात ‘रबिंग मशीन’ म्हणतात ते हेच. एकच आस, त्यावर पॅड, आणि मिनिटाला 600 पासून 3000 पर्यंत फेरे. हे मशीन भोळं आहे. सांगाल तितकं फिरतं, थांबवाल तेव्हा थांबतं, आणि एका जागी विसरलात तर रंग तापवून खरवडून काढतं. लोकरीचा पॅड लावून भाच्याने ते फिरवलं, तसे ओरखडे डोळ्यांदेखत गेले. प्रेक्षकांतून “वा!” आलं.

दुसरं ड्युअल ॲक्शन. याचं चालणं समजायला पाचवीचा भूगोल लागतो. पॅड आसाच्या मधोमध बसवलेला नसतो, जरा बाजूला असतो. त्यामुळे तो मधल्या आसाभोवती परिभ्रमण करतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती परिवलनही. परिभ्रमण मोटर करवून घेते. परिवलन ज्याच्या त्याच्या मर्जीवर, बेअरिंगच्या घर्षणाने जमेल तेवढं. मी उत्साहाने जोर दिला, तर पॅडने परिवलन सोडून दिलं आणि जागच्या जागी थरथरत राहिला. “मामा, दाबू नको. मशीनच्या वजनाने होऊ दे,” भाचा म्हणाला. त्याने पॅडमागच्या चकतीवर मार्करने रेघ मारून ठेवली होती. रेघ फिरताना दिसली तर काम चालू, स्थिर दिसली तर नुसता आवाज. अशी रेघ माझ्या नोकरीच्या काळात काही टेबलांमागे मारून ठेवायला हवी होती.

तिसऱ्या मशीनमध्ये दोन्ही गती गिअरने बांधलेल्या असतात. फोर्स्ड रोटेशन. त्याला मर्जी नाही, म्हणून ते अडतही नाही. पण हातातून सरकत स्वतःच कुठेतरी निघतं. मला ते धरून उभं राहायचं होतं, त्याला केळव्याला जायचं होतं.

एवढ्यात वाडीतला पंप सुरू झाला आणि मशीनचा आवाज खाली आला. विजेचा दाब बदलला की चाचणीची निष्पक्षता संपली. मी कुंपणाशी जाऊन पंप बंद करण्याची विनंती केली. पानवेलींना पाणी की माझ्या बॉनेटला न्याय, असा प्रश्न उभा राहिला आणि निकाल पानवेलींच्या बाजूने लागला. आम्ही चहा घेतला.

मग परीक्षण. कोणती पट्टी कशाने घासली हे न सांगता मत विचारायचं, हा माझा आग्रह. सावलीत रोटरीची पट्टी विहिरीइतकी खोल दिसत होती. तिला भरघोस मतं मिळाली. दुपारी गाडी उन्हात ढकलली, तर त्याच पट्टीत मशीनच्या वाटेवरच्या धूसर नागमोडी छटा उमटल्या. भाच्याच्या धंद्यात याला होलोग्राम म्हणतात. सकाळी निवडून आलेल्याचं दुपारी असं व्हावं, याचं गावाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. बोंबील घेऊन आलेल्या मावशींनी बॉनेटमध्ये पाहून कुंकू सारखं केलं आणि सगळ्याच पट्ट्या पास केल्या. काकांनी चष्मा पुसून, वाकून, सगळं निरखून मधल्या पट्टीवर बोट ठेवलं. “ही उत्तम.” ती आम्ही हात न लावलेली पट्टी होती.

“काका, ती तर तशीच आहे.”

“म्हणूनच.”

भाच्याने बाटली काढली. आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिशमध्ये तेलं असतात, ती ओरखड्यांत बसून त्यांना लपवतात; अल्कोहोलने पुसलं की तेल निघतं आणि खरं काय ते कळतं. हाताच्या पट्टीत ओरखडे बरेचसे परत आले. खांदा पुन्हा दुखला. ड्युअल ॲक्शनची पट्टी होती तशीच राहिली, उन्हातही. “पोटात गेल्यावर खरं बाहेर काढते हे ठाऊक होतं,” काका म्हणाले, “वरून पुसूनही काढते हे नवीन.” ताडीच्या प्रदेशात या ज्ञानाचं मोल आहे.

निकाल लागला असं मला वाटलं. पण काकांचा मुख्य प्रश्न पुढेच होता. “अरे, पण ते ओरखडे गेले कुठे?”

भाच्याने सांगितलं, की गेले नाहीत. ओरखड्याच्या तळाच्या दिशेने आजूबाजूचा थर खाली आणला. गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण 40 मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याहून जाड. दर पॉलिशला त्यातलं थोडं जातं. काही वाढत नाही, फक्त कमी होतं.

काकांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांच्याकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्यावर पारदर्शक थर नव्हता. घासली की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. “कळायचं तरी, काय गेलं ते! तुझं फडकं बघ, पांढरं. खिसा कापलेला कळतच नाही.” मग त्यांनी आपल्या धुळकट पांढऱ्या गाडीकडे अभिमानाने पाहिलं. “तुझी चकाकते कारण ती कमी झाली. आमचा माल शाबूत आहे.”

क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला याचं उत्तर देता आलं नाही. उत्तर सौभाग्यवतीने दिलं. माळ्यावरची पिढीजात पितळी परात आणून तिने भाच्यापुढे ठेवली. परातीला क्लिअर कोट नाही आणि तिचं पितळ मायक्रॉनमध्ये मोजत नाहीत. गाडीवर हरलेली रोटरी लोकरीच्या पॅडसह परातीवर चढली आणि पाहता पाहता परात सोन्यासारखी झाली. पॅड काळाकुट्ट. काळेपणा दिसला तसं गावाचं समाधान झालं. कुणी ताटं आणली, कुणी घंगाळ. काकांनी दोन्ही हातांनी धरून आणलेला हंडा गोलाईमुळे परत पाठवावा लागला. त्यांनी तो नेला नाही, रांगेतच ठेवला.

चाचणीचा अहवाल मी रीतसर लिहून ठेवला आहे. शिफारस: गाडीसाठी ड्युअल ॲक्शन, परातीसाठी रोटरी, आणि लोकांच्या खात्रीसाठी काळं झालेलं फडकं, जे नसेल तर आधी चुलीवर पुसून घ्यावं. अहवालाची प्रत पुण्याच्या बहुमताला पाठवली. उत्तर आलं, की पुढची गाडी पांढरी घेऊ. काकांनी त्यांची किंमत सांगून ठेवली आहे. माल शाबूत असल्यामुळे ती जरा जास्त आहे.