पंचांगी अंकल

सिंगापूरच्या कुठल्याही कोपीटियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, एक पंचांगी अंकल असतातच. आमच्या ब्लॉकखालच्यांना ओळखणं सोपं आहे. चिनी नववर्षाला ‘हॅपी लुनार न्यू इयर’ म्हणा, लगेच त्यांचा कप बशीवर आपटतो. “लुनार? म्हणजे सूर्य सुट्टीवर?”

आता सुटका नाही. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत आटोपतात, सूर्याला ३६५ लागतात. अकरा दिवसांची उधारी तुंबली की एक महिना जादा. कुठे घालायचा? सूर्याच्या वाटेवर ३०-३० अंशांवर बारा ‘झोंगची’ असतात. तेरा महिन्यांच्या वर्षात ज्या पहिल्या महिन्यात एकही झोंगची येत नाही, तो अधिक. शिवाय वर्षातला सर्वांत लहान दिवस अकराव्याच महिन्यात पडला पाहिजे. (विषुववृत्ताशेजारच्या सिंगापुरात तो लहान आहे हे कुणाला कळतही नाही, अंकलना कळतं.)

मराठी माणूस दिसला की ते आणखी खुलतात. “तुमचाही अधिक संक्रांत चुकवणाराच ना? पण त्याला नाव पुढच्या महिन्याचं देता. आम्ही मागच्याचं देतो. जन्मायच्या आधीच भावाचं नाव कसं घेता हो?”

पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याला व्हिएतनाम ऐकावं लागतं. पंचांगाचे नियम तेच, पण हनोईचं घड्याळ बीजिंगच्या एक तास मागे. त्यामुळे १९८४ मधला तो लहान दिवस बीजिंगला २२ डिसेंबरला, हनोईला २१ ला पडला. आणि पुढचं नवं वर्ष हनोईत २१ जानेवारीला, चीनमध्ये थेट २० फेब्रुवारीला! “एका तासापायी महिना गेला. आणि तू म्हणतोस, पाचच मिनिटं!”

शुभ-अशुभाला मात्र अंकल हिंग लावून विचारत नाहीत. ड्रॅगन वर्ष १० फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालं आणि २८ जानेवारी २०२५ ला संपलं. वसंतारंभाचा लीचुन येतो ४ फेब्रुवारीच्या आसपास, म्हणजे तो दोन्ही टोकांना निसटला. अशा वर्षाला लोक ‘विधवा वर्ष’ म्हणतात आणि लग्नं टाळतात. नातीच्या होणाऱ्या सासूबाईंना अंकलनी कागदी रुमालावर सगळं गणित मांडून दिलं: हा निव्वळ ३५४ दिवसांचा खेळ आहे, बाकी थोतांड.

लग्न झालं सर्प वर्षात. त्यात दोन लीचुन आहेत.

“हॉल तेव्हाच स्वस्त मिळाला,” अंकल म्हणाले, आणि २०३३ चा अधिक महिना अकराव्याऐवजी सातव्यानंतर छापणाऱ्या कॅलेंडरवाल्यांवर घसरले.