वाटंवरच हाय की!

धाराशिव जिल्ह्यातल्या प्रत्येक खटल्याच्या घरात एक बप्पा असतातच. कुणाचे बप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, कुणाचे एसटीतून, कुणाचे सोसायटीच्या गटसचिवपदावरून. बोअर कुठं मारायचं, नातवाला सायन्सला घालायचं की डिप्लोमाला, सोयाबीन आत्ता विकायचं की दर चढेपर्यंत ठेवायचं, हे सगळे निर्णय हल्ली पोरं घेतात आणि बप्पांना नंतर कळवतात. बप्पांचीही तक्रार नसते. मात्र घरातून गाडी निघाली की ती कुठल्या रस्त्यानं न्यायची, हा एक अधिकार त्यांनी अजून कुणाच्या नावावर केलेला नाही.

आणि बप्पांच्या नकाशात रस्ते देवळांवरून जातात. सोलापूरला निघालं की तुळजापूर लागतं. लातूरकडं निघालं की तेरचे गोरोबाकाका. बीडकडं निघालं की येडशीचा रामलिंग, आणि रामलिंगाला हात जोडले तर पुढं येरमाळ्याच्या येडाईनं काय घोडं मारलंय? कुणी घड्याळ बघितलं की बप्पांचं उत्तर ठरलेलं: ‘‘वाटंवरच हाय की!’’ जिल्ह्याच्या हद्दीत त्यांचं हे म्हणणं बऱ्यापैकी खरंही असतं. आमच्या जिल्ह्याची रचनाच तशी आहे. पंचाईत होते ती गाडी जिल्ह्याबाहेर पडल्यावर.

यंदा मे महिन्यात घरात नातवंडं जमली आणि त्यांनी मागणी केली थीम पार्कची. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर इतक्या वेळा पाहिले होते, की कुठला पाळणा कुठल्या वळणावर माणसाला उलटं करतो, हे त्यांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. बप्पांनी आधी घरचा माल पुढं केला. ‘‘पाण्यात खेळायचंय ना? मग नळदुर्ग काय वाईट हाय? दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं बोरी नदी अडवून किल्ल्यात पाणीमहाल बांधलाय. चारशे वर्सं झाली. धबधब्याच्या आत बसून धबधबा बगायचा. तुमच्या पार्कात हाय का असलं?’’ माहिती खरी होती, अभिमानही रास्त होता. पण धरण भरून सांडल्याशिवाय नळदुर्गचे नर-मादी धबधबे पडत नाहीत, आणि मे महिन्यात ते दोघंही कोरडे असतात. हे थोरल्या नातीनं सांगितलं. ती सातवीत आहे आणि घरात बप्पांशी मुद्द्यावर बोलणारी तीच एक आहे.

मग तिनं मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. बप्पांनी चष्मा चढवला, बोट पुण्यावरून लोणावळ्याला, लोणावळ्यावरून घाट उतरून खोपोलीला नेलं, आणि एकदम थांबवलं. ‘‘आरं, ह्ये तर महड! वरदविनायक! आन् ही खाली पाली, बल्लाळेश्वर! तुमची ती बाग ह्या दोगांच्या मधी हाय व्हय? मग आधी का सांगितलं न्हाय?’’ ही गोष्ट मात्र अगदी खरी आहे. 2013 साली मनमोहन शेट्टी यांनी हे थीम पार्क उभं केलं ते खोपोली–पाली रस्त्यावर. अष्टविनायकांतल्या दोन गणपतींच्या मधोमध अमेरिकी थाटाचे पाळणे उभे राहिले. जागा निवडताना त्यांच्या मनात काय होतं, कोण जाणे. बप्पांच्या मते गणपतीनंच निवडली.

परवानगी मिळाली. क्रूझर ठरली, तीही किलोमीटरवर. इथं एक व्यवहारातली मेख आहे. बप्पांच्या भूगोलावर घरातल्या कुणाचाच विश्वास नसतो, एकट्या ड्रायव्हरचा असतो. मोरगावला वळायचं का, असं विचारल्यावर ‘‘व्हय बप्पा, वाटंवरच हाय,’’ असं म्हणणारा तोच एकटा, आणि किलोमीटरमागं पैसे मिळणारा माणूसही तोच.

घरातल्या बायका आदल्या रात्री दशम्या, धपाटे आणि शेंगाची चटणी करून बसल्या. सून मात्र गप्प होती. एक दिवस स्वयंपाक नाही, एक दिवस पाहुणे नाहीत, एवढ्यासाठीच ती या सहलीच्या बाजूनं होती. ‘एक दिवस’ या शब्दांवरचा तिचा विश्वास पहाटे तुळजापुरातच उडाला. देवीला सांगितल्याशिवाय घाट उतरायचा नाही, हा नियम आहे. तो तिलाही मान्य होता. पण दर्शनाच्या रांगेतच बप्पांनी पुढचा बेत उलगडला. सोलापूरपर्यंत गेलोच आहोत तर सिद्धेश्वर. मोहोळपर्यंत गेलोच आहोत तर पंढरपूर. मोहोळ ते टेंभुर्णी हायवेनं सरळ जाता येतं, पण पंढरपूरवरूनही टेंभुर्णीला निघता येतं. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते, हे बप्पांनी शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवलंय. ‘‘व्हय, मोठी असती,’’ ते म्हणाले, ‘‘पर तिसऱ्या बाजूवर विठ्ठल हाय का?’’

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पोरांनी पक्षी बघायचे म्हटले, तर बप्पा म्हणाले, वेळ नाही, भीमेच्या पलीकडं सिद्धटेक आहे. सिद्धटेक झाल्यावर चौफुल्यावरून मोरगाव. मोरगाव झाल्यावर थेऊर, कारण थेऊर तर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. पुणे–सोलापूर रस्ता हा केंद्र सरकारनं मालवाहतुकीसाठी बांधलाय असा लोकांचा समज आहे. बप्पांच्या लेखी तो तीन विनायकांना जोडणारा पालखीमार्ग आहे, आणि त्यावरचे ट्रक चुकून आलेले आहेत. रात्र एका भक्तनिवासात झाली. धाकटा नातू झोपेत विचारत होता, ‘‘पार्क आलं का?’’ आजी त्याला थोपटत म्हणाली, ‘‘झोप बाळा. अजून दोन गणपती ऱ्हायलेत.’’

दुसऱ्या दिवशी आळंदी नको, देहू नको, असं पोरानं हात जोडून सांगितलं. बप्पांनी मोठ्या मनानं दोन्ही सोडली आणि त्या बदल्यात कार्ल्याची एकवीरा घेतली. महड करून गाडी पार्कच्या दारात पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बाहेरचं खाणं अशा ठिकाणी आत नेता येत नाही, हे बप्पांना ठाऊक होतं. त्यांनी पार्किंगमध्येच सतरंजी अंथरली. आजूबाजूला मुंबईच्या गाड्यांमधून गॉगलवाली कुटुंबं उतरत होती आणि मधोमध आमची पंगत धपाटे खात होती. शेजारच्या गाडीतली एक बाई चटणीच्या वासानं वळून बघायला लागली, तर आजीनं तिला दशमीचा तुकडा हातावर दिला. तिनंही तो तिथंच उभ्याउभ्या खाल्ला, आणि तिच्या मुलानं आणखी मागितला.

आत गेल्यावर मात्र बप्पा भांबावले. उंची मोजायची पट्टी बघून आधी वाटलं, इथंही अर्ध्या तिकिटाचा हिशोब आहे. धाकट्याला त्यांनी सवयीनं गुडघ्यात वाकायला सांगितलं. इथं उंची कमी भरली तर पाळण्यात बसूच देत नाहीत, हे कळल्यावर त्याच नातवाला टाचा उंच करायला सांगितलं. मग नात नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरवर गेली आणि बप्पा खाली पिशव्या सांभाळत उभे राहिले. गाडी वर चढली, कोसळली, उलटी झाली, किंचाळ्या ऐकू आल्या, आणि पुन्हा निघाली होती तिथंच येऊन थांबली. बप्पा बराच वेळ त्या रुळांकडं बघत राहिले. मग त्यांनी तिथल्या पोराला विचारलं, ‘‘ही गाडी जाती कुठं?’’

‘‘कुठंच नाही काका. फिरून परत इथंच.’’

‘‘मधी काय लागतं?’’

‘‘काहीच नाही.’’

बप्पांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा धक्का होता. एवढं लोखंड, एवढी वीज, एवढं भाडं, आणि वाटेवर काहीच नाही! ना देऊळ, ना बाजार, ना सोयरा, ना कचेरी. नुसतं जायचं आणि यायचं.

बप्पांना हसणं सोपं आहे. पण ते दहा-अकरा वर्षांचे होते तेव्हा 1972 चा दुष्काळ पडला होता. आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात आणि हा पोरगा सुकडीच्या आशेनं त्यांच्या मागं. बप्पांनी पहिल्यांदा पाहिलेला मोठा रस्ता हा कुठं जाण्यासाठी नव्हता, पोट भरण्यासाठी होता. सह्याद्रीच्या आडोशाला पाऊस अडतो, इकडं पोचेपर्यंत ढग हलके होतात. अशा मुलखात घराबाहेर पडायला कारण लागतं. लग्न, दवाखाना, कोर्टाची तारीख किंवा देवाचा नवस, एवढीच कारणं घरात मंजूर होत. त्यातही देव सगळ्यात सोयीचा, कारण देवाच्या नावावर कुणी हरकत घेत नाही. आमच्या आज्यांनी पंढरीच्या वाटेवर तमाशाचे फड बघितले, तुळजापूरच्या यात्रेत पाळण्यात बसल्या, आणि घरी येऊन फक्त दर्शनाचं सांगितलं. मजा त्या काळीही होतीच, पण ती कायम कुठल्या तरी कामाच्या पदराखाली झाकून आणावी लागे. ‘वाटंवरच हाय’ हा बप्पांचा भूगोल नाही, तो त्यांचा परवाना आहे.

शेवटी आजीनं त्यांना राजासॉरसच्या होडीत बसवलं. त्या नावाचा डायनोसॉर खरंच होता, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आहेत. नातीनं एवढं सांगायचा अवकाश, ‘नर्मदा’ ऐकताच बप्पांनी टोपी काढून हात जोडले. होडी अंधारात शिरली, वर गेली, आणि एका झटक्यात खाली आदळली. पाणी उसळलं आणि बप्पा टोपीपासून धोतरापर्यंत चिंब झाले. आणि बप्पा हसले. इतके हसले की आजी घाबरली. सुनेनं लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचे दात बघितले. बाहेर आल्यावर सगळी पोरं त्यांच्याकडं टक लावून बघतायत, हे लक्षात येताच त्यांनी चेहरा सावरला, धोतराचा सोगा पिळला आणि म्हणाले, ‘‘बरं झालं. अंघोळ झाली. आता पालीला सरळ दर्शन घेता येतंय.’’

पालीला दर्शन झालं. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरनंच आठवण करून दिली, की अष्टविनायकाची यात्रा मोरगावला सुरू करून मोरगावलाच संपवायचा रिवाज आहे. बप्पा विचारात पडले. पाच झाले होते, तीन राहिले होते. लेण्याद्री, ओझर आणि रांजणगाव. रांजणगाव तर नगर रोडवरच आहे, तिथून नगर, जामखेड, भूम असं घरी जाता येतं, शिवाय भूमला खवा मिळतो. पोरानं या वेळी स्टिअरिंगच धरून ठेवलं. बप्पांनी खव्यावरचा हक्क तेवढा सोडला नाही. तो शेवटी घरी पोचल्यावर वेगळा माणूस पाठवून आणवला.

दिवाळीच्या सुट्टीचा बेत आता थोरल्या नातीनं हातात घेतलाय. तिनं यादी बप्पांसमोर ठेवली: शनिशिंगणापूर, शिर्डी, त्र्यंबकेश्वर. बप्पांचा ऊर भरून आला. पोरगी वळणावर गेली, असं त्यांनी आजीला तीनदा सांगितलं. शिर्डीला देवळाशिवाय एक मोठं वॉटर पार्कही आहे, हे नातीनं सांगितलं नाही आणि बप्पांनी विचारलं नाही. सामानाच्या यादीत मात्र त्यांची नजर एका ओळीवर अडकली.

‘‘शिर्डीला पवायचे कपडे कशाला?’’

‘‘बप्पा,’’ नात म्हणाली, ‘‘दर्शनाला अंघोळ न करता जायचं का?’’