स्वहस्ते ड्रायव्हर टाकणारा

लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर स्वतःच्या हाताने टाकणाऱ्यांची एक वेगळी पोटजात आहे. या गृहस्थाच्या मशीनमध्ये एनव्हिडियाचे कार्ड असते आणि ते ‘नूवो’ या मुक्त ड्रायव्हरवर बरे चाललेले असते. हे ‘बरे’ त्याला सहन होत नाही.

उबंटूच्या रिपॉझिटरीत कंपनीचाच ड्रायव्हर तपासून ठेवलेला असतो. एका कमांडमध्ये बसतो. पण आयते मिळालेले त्याला गोड लागत नाही. तो कंपनीच्या साइटवरून थेट फाइल उतरवतो आणि इन्स्टॉलरच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. एखादा प्रश्न वाचतोही, पण ‘हो’ म्हटल्यावर. मग रीस्टार्ट, काळी स्क्रीन आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.

इथे चारचौघे घाबरतात. याच्या चेहऱ्यावर तेज चढते. घरच्यांना तो ‘दोन मिनिटं’ एवढेच सांगतो. हे मिनिट फक्त धीर देण्यासाठी वापरायचे एकक आहे.

बिघाडाची कारणे मोजकी असतात. ड्रायव्हरचे मॉड्यूल चालू कर्नलसाठी तयार व्हावे लागते. त्या कर्नलच्या हेडर फाइली नसल्या तर ते होतच नाही. कर्नल अपडेट झाल्यावर ते पुन्हा तयार करण्याचे काम डीकेएमएस करते, मात्र ड्रायव्हर टाकताना तिथे त्याची नोंद झालेली हवी. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. त्या सहीची किल्ली नोंदवण्यासाठी रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते आणि दहा सेकंदांत कोणतेही बटण दाबावे लागते. तेवढ्यात हा चहा आणायला गेलेला असतो.

उपाय अवघड नाही. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ जोडावे, किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर जावे. मागच्या बूटचा लॉग वाचावा, टाकलेला ड्रायव्हर काढावा आणि उबंटू सुचवते तो बसवावा. हा गृहस्थ लॉग सोडून सगळे वाचतो. एका दमात पाच गोष्टी बदलतो. त्यामुळे सुधारले तर कशाने आणि बिघडले तर कशाने, हे त्यालाही सांगता येत नाही. अधीर होऊन त्याने ‘सुडो’ लावून ‘स्टार्टएक्स’ चालवले, तर त्याच्या होम फोल्डरमधली ‘एक्सऑथॉरिटी’ फाइल रूटच्या मालकीची होऊन बसू शकते. मग पासवर्ड अचूक टाकूनही लॉगिनची स्क्रीन त्याला पुन्हा दारातच आणून उभे करते. फाइलची मालकी बदलली की सुटणारा हा प्रश्न तो अख्खी सिस्टीम नव्याने टाकून सोडवतो.

चूक अर्थातच त्याची नसते. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर मधले बोट दाखवले होते. तो व्हिडिओ हा पुरावा म्हणून काढतो. २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलांचा सोर्स कोड खुला केला, ही माहिती त्याच्याकडे असते. तो ती सांगत नाही.

पहाटेपर्यंत मशीन बहुधा सुरू होते. त्यावर तो गेम खेळत नाही की सिनेमा पाहत नाही. ड्रायव्हरची आवृत्ती बघतो आणि पुढची आली आहे का ते शोधतो. अशा घरात विजेचे बिल मोबाइलवरूनच भरावे.