माइल्ड, मीडियम, भिवापूर

भिवापूरच्या बसस्टँडवर जाडजूड पांढरे बूट, डोक्यावर ‘डेट्रॉईट’ लिहिलेली टोपी आणि या दोहोंच्या मधे नेहमीचाच सदरा-पायजमा असा गृहस्थ दिसला, की ते काकाजी समजावेत. असे काकाजी आता एकटेदुकटे राहिलेले नाहीत. उमरेडला एक आहेत, पवनीला एक आहेत. नागभीडला दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही, कारण एक न्यूजर्सीवाले, दुसरे कॅलिफोर्नियावाले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्ती, चार एकर वावर, नागपुरात इंजिनिअर होऊन पुण्यामार्गे अमेरिकेला लागलेला पोट्टा आणि पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का, एवढी सामग्री जमली की काकाजी तयार होतात.

त्याआधीचा काकाजींचा मोठा प्रवास म्हणजे इतवारी-नागभीड छोटी रेल्वे. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. चालू होती तेव्हा काकाजी तिच्यात बसल्याबरोबर डबा उघडत आणि उमरेड यायच्या आत पुसून ठेवत. बाहेरचं अन्न त्यांना वर्ज्य. अपवाद शेगावचा प्रसाद, लग्नाची पंगत आणि नागपूरचे तर्रीपोहे. अपवादांची ही यादी अमेरिकेतल्या सहा महिन्यांत इतकी लांबली, की नियम कोणता होता ते काकूंनाच आठवतं.

काकाजींना ‘अमेरिका कशी आहे?’ असं विचारायची सोय नाही. इमारती, पूल, पुतळे यांच्याविषयी ते एका वाक्यात बोलतात आणि त्या वाक्यात ‘आहे बापा’ यापलीकडे काही नसतं. त्यांच्या डोक्यातला अमेरिकेचा नकाशा जिभेनं काढलेला आहे. शिकागो म्हणजे खोलगट, न्यूयॉर्क म्हणजे घडी घालून, टोरांटो म्हणजे पातळ रश्शाचं. आणि या सगळ्या शहरांना त्यांनी एकच मोजमाप लावलं, ते म्हणजे भिवापुरी मिरची.

इथे परक्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. भिवापूरची मिरची लालभडक, जातीची. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिचा पेरा आता संकरित वाणांनी खाल्ला, तरी गावाचा अभिमान तसूभर घटलेला नाही. मिरचीचे देठ खुडायच्या सातऱ्यावर बायका दिवसभर बसतात आणि नवखा माणूस दारातूनच शिंकत परत फिरतो. त्या हवेत वाढलेल्या माणसाला कोणतंही शहर फिकं वाटणार, हे उघड होतं. शिकागोची त्यात चूक नाही.

काकाजींनी जाताना पाच किलो तिखट नेलं. डेट्रॉईटच्या विमानतळावर खाद्यपदार्थ हुंगणारा एक छोटा कुत्रा फिरत होता. तो काकाजींच्या बॅगेजवळ आला, त्यानं नाक लावलं, दोनदा शिंकला आणि मालकिणीच्या मागे जाऊन उभा राहिला. अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. काकाजींनी फॉर्मवर सगळं खरं लिहिलं होतं, मास्तरच ते.

‘एवढं तिखट? व्यापारासाठी?’

‘नो सर. जेवणासाठी.’

‘किती माणसांच्या?’

काकाजींनी स्वतःकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्यानं शिक्का मारला. त्याच्या चेहऱ्यावर जो आदर होता तसा पुढे साऱ्या अमेरिकेत दिसला नाही, असं काकाजी सांगतात.

मुलाचं घर डेट्रॉईटच्या बाजूला. पहिल्याच रविवारी त्यानं वडिलांना तिथला चौकोनी पिझ्झा खायला नेलं. हा पिझ्झा १९४६ साली निघाला आणि मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायच्या लोखंडी ट्रेमध्ये भाजला जायचा, हे मुलानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. काकाजींनी कडेचा कुरकुरीत तुकडा मोडून पाहिला, खिशातून पुडी काढली, पिझ्झ्यावर तिखट भुरभुरलं आणि म्हणाले, ‘लोखंडाचं ठीक आहे रे. मिरचीचा कारखाना काहून नाही टाकला त्याईनं?’

मुलगा बिचारा माहिती पुरवणाऱ्यांपैकी. तो म्हणाला, ‘बाबा, तिखटपणा मोजायची पद्धत याच गावातली आहे. स्कोव्हिल नावाचा औषधवाला इथल्या कंपनीत होता. १९१२ मध्ये त्यानं ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं.’

काकाजींनी हातातला तुकडा खाली ठेवला. ‘साखरेच्या पाण्यात? मिरचीले? म्हणूनच त्याईचं असं होऊन राहिलं!’

तिथल्या भारतीय हॉटेलांत वेटर आधी विचारतो, ‘माइल्ड, मीडियम की स्पायसी?’ काकाजी सांगत, ‘भिवापूर.’ वेटर गुजराती असो की मेक्सिकन, तो नम्रपणे ‘मीडियम’ लिहून घेई. बिल आलं की दुसरा अंक सुरू. मेन्यूत लिहिलेल्या दरावर कर वेगळा आणि त्यावर वेटरची अठरा-वीस टक्के टिप. ‘आपल्या पंगतीत वाढपी सात वेळा आग्रह करते, वरून जिलेबी टाकते, तो काही मागते का? यानं एकदा ताट ठेवलं अन् वीस टक्के?’ डॉलरचे रुपये सगळेच करतात. काकाजी रुपयांचं तिखट करत. एक डोसा किती किलोचा पडला, हे ते हॉटेलातून बाहेर पडायच्या आत सांगत आणि सून गाडीची किल्ली शोधायच्या निमित्तानं पर्समध्ये डोकं घाले.

शिकागोला गेले ते विवेकानंदांसाठी. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामीजी जिथे बोलले ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत त्यांनी बूट काढून पाहिली; रखवालदारानं ते परत घालायला लावले. मग डीप-डिश पिझ्झा. हा १९४३ पासूनचा, कढईएवढा खोल, वर टोमॅटोचा रस्सा आणि खाली चीजचा थर. ‘हा पिझ्झा नोहे,’ काकाजींनी निकाल दिला, ‘ही पाटोडी आहे, रश्शात पडलेली.’ असं म्हणत तीन तुकडे संपवले. चौथा डब्यात बांधून घेतला, कारण उरलेलं अन्न बांधून घरी न्यायची पद्धत हा त्यांना अमेरिकेचा एकमेव संस्कार वाटतो.

न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा उभ्यानं, घडी घालून खातात. काकाजींनी घडी घातली, तेल मनगटावर आलं, त्यांनी ‘आपली तर्री बरी, वाटीत राहते’ म्हणून घेतलं. जवळच न्यूजर्सीत एडिसनचा ओक ट्री रोड. तिथे पोहे, जवस, हिंग, लोणची, साड्या, सोनं, सगळं मिळतं. दुसरा कोणी हरखला असता. काकाजी खट्टू झाले. ‘एवढं सात समुद्र ओलांडून आलो अन् लागला कोणता रोड? नागपूरच्या इतवारीचाच!’

कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. तो काढून ते डेट्रॉईटची नदी ओलांडून पलीकडे विंडसरला गेले. तिथे कॅनडा अमेरिकेच्या दक्षिणेला आहे, ही गोष्ट जन्मभर भूगोल शिकवलेल्या काकाजींना काही केल्या पचली नाही. मग नायगारा. ‘पाणी लय आहे’, एवढंच त्याचं वर्णन. टोरांटोत कोणीतरी पुतीन हा क्युबेकचा पदार्थ पुढे केला. बटाट्याच्या तळलेल्या फोडी, त्यावर चीजचे गोळे, त्यावर गरम ग्रेव्ही. काकाजी सावजीचं मटण खातात, पण गोमांस नाही. म्हणून प्रत्येक ताटाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘रस्सा कशाचा?’ उत्तर आलं आणि ताट मुलाकडे सरकलं. त्या दिवशी जेरार्ड स्ट्रीटवर भाजलेला, लिंबू-तिखट लावलेला भुट्टा खाऊन त्यांनी कॅनडाला माफ केलं.

खरी लढाई मात्र आपल्याच माणसांशी झाली. उत्तर अमेरिकेत गावोगावी महाराष्ट्र मंडळं आहेत, आणि त्यांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून चालू आहे. गणपतीला सगळे आपापल्या घरून एकेक पदार्थ आणतात. काकूंनी पाटोडीचा रस्सा नेला. शेजारी कोणा सदाशिव पेठी घरची गुळाची आमटी. काकाजींनी आमटी घेतली आणि मंडळाच्या अध्यक्षांना बाजूला नेलं. ‘गोऱ्या लोकायचं मी समजू शकतो. त्याईले मिरची माहीत नाही. पुण्याच्या लोकायले तं माहीत आहे ना!’ अध्यक्ष कोथरूडचे होते. पाटोडीचा रस्सा मात्र सगळ्यात आधी संपला आणि दोन इंजिनिअर रात्रभर पाणी पीत होते, हे काकाजी आजही चौकात उभं राहून सांगतात.

चौकात जे सांगत नाहीत, ते टेक्सासचं. भाचीकडे ह्यूस्टनला गेले असता मेक्सिकन हॉटेलात मक्याची टॉर्टिया आली. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात, हे कळल्यावर काकाजींचे डोळे चमकले. तंबाखू-चुन्याच्या खर्र्याविना तीन महिने काढलेला माणूस चुन्याच्या नुसत्या नावानंही सुखावतो. मग दगडी खलात वाटलेला साल्सा आला. ‘ठेचा!’ काकाजी उद्गारले आणि मोठा घास घेतला. भाची ओरडली, ‘मामाजी, त्यात हबानेरो आहे!’ तोवर उशीर झाला होता. स्कोव्हिलच्या मापात आपण पिझ्झ्यावर पाहतो ती हालापेन्यो फार तर आठ हजार. हबानेरो एक लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत जाते. काकाजी काही बोलले नाहीत. कान लाल झाले, टोपी काढली, डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वेटरला हाक मारून दही मागितलं आणि वीस टक्के टिप कुरकुर न करता दिली.

परतीच्या वाटेवर भाचीनं हळूच सांगितलं, की मिरची मुळात तिथलीच. मेक्सिकोत ती हजारो वर्षांपासून पिकते. १४९२ मध्ये कोलंबस निघाला काळ्या मिरीच्या देशाला आणि पोचला मिरचीच्या मुलखात. पोर्तुगिजांनी ती सोळाव्या शतकात गोव्याकडे आणली, तिथून ती देशभर गेली. मका, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, पेरू आणि तंबाखूसुद्धा त्याच बाजूचे. काकाजी उमरेड ते नागपूर एवढं अंतर होईतो गप्प बसले. त्यांच्या ताटातून अमेरिका वजा केली तर भाकर, वरण आणि काकू एवढंच उरत होतं. शेवटी ते म्हणाले, ‘म्हणजे मी पाच किलो तिखट तिच्या माहेरीच घेऊन आलो म्हणायचं. ठीक आहे. पण वागवलं कोणी नीट? आम्ही!’

परत आल्यापासून काकाजी चौकात रोज एक शहर निकालात काढतात. सगळं अळणी, सगळं गोड, सगळं थंडगार बर्फाच्या पाण्याबरोबर. ऐकणाऱ्यांना त्यांची दया येते. काकू घरात वेगळं सांगतात. सकाळी पॅनकेकवर मेपलचा पाक कोण ओतून घेत होतं? मोठ्या दुकानात फुकट चाखायला ठेवलेल्या वाट्यांपुढून टोपी बदलून दुसऱ्यांदा कोण जात होतं? आणि साखरेचा रिपोर्ट नागपूरच्या डॉक्टरांना दाखवताना ‘हवापाण्याचा फरक’ असं कोण म्हणालं?

माणूस मात्र थोडा बदलला, हे कबूल करायला हवं. तर्रीपोह्यांच्या ठेल्यावर ते आता प्लेटखाली दहा रुपये ठेवून उठतात. ठेलेवाला ‘काकाजी, पैसे राहिले!’ म्हणत मागे धावतो, आणि काकाजी हात हलवून ‘राहू दे बे, तुझेच आहेत’ म्हणतात.

तुमच्या घरचे काकाजी निघायच्या तयारीत असतील, तर बॅगेत तिखट भरू द्या आणि फॉर्मवर ते खरं लिहायला लावा. परत आल्यावर तिकडचं जेवण कसं होतं हे विचारायचं असेल, तर काकूंना विचारा.