योजना कुणाची?

अमेरिकेत २०१० साली आरोग्यविम्याचा कायदा झाला. विरोधकांनी कुचेष्टेने त्याला 'ओबामाकेअर' म्हटलं आणि पुढची सात वर्षं तो उखडायला घालवली. २०१७ साली सेनेटमध्ये तो डाव ५१ विरुद्ध ४९ मतांनी फसला. किती ही दगदग! आपल्याकडे पाटी बदलली की भागतं.

२०१२ मध्ये साताऱ्यातल्या कराडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना आली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. २०१७ मध्ये सरकार दुसरं, नाव महात्मा फुल्यांचं. हुशारीच म्हणायची, जोतिरावांचं मूळ गाव साताऱ्यातलंच कटगुण, तेव्हा कुरकुर करायची छाती कुणाची? २०१८ मध्ये दिल्लीहून 'आयुष्मान' आलं, फोटोसह. २०२३ मध्ये विम्याचे दीड लाखाचे पाच लाख करायचं ठरलं, तेव्हा मुख्यमंत्री दरे गावचे एकनाथ शिंदे. म्हणजे नाव साताऱ्याचं, मुख्यमंत्री साताऱ्याचे. रुग्ण मात्र गाडी करून सांगली-मिरजेला.

मिरजेत दवाखान्यांची परंपरा जुनी. अमेरिकन मिशनच्या डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं इस्पितळ उभं केलं. तेव्हा रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नसे, कारण रेशनकार्डच नव्हतं.

आता कुठल्याही दवाखान्यात योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलाबाहेर बघा. बाकावर चुलता म्हणतो, योजना आमची. पुतण्या म्हणतो, पैसे आमचे. तेवढ्यात आतून निरोप येतो: हे पॅकेजात बसत नाही, बाहेरून आणा. लगेच दोघांचं एकमत होतं, दोष समोरच्या पक्षाचा.