आतल्या खोलीची कडी

प्रसूती लाभ अधिनियमाच्या २०१७ सालच्या दुरुस्तीने, ज्या आस्थापनेत ५० वा अधिक माणसे चाकरीस आहेत तिने पाळणाघराची तजवीज करावी आणि तेथील अपत्याच्या भेटीस मातेला, विश्रांतीची वेळ धरून, दिवसातून चार वेळा जाऊ द्यावे, असे फर्माविले. आणि २६ आठवड्यांची रजा सरल्यावर, कामाचे स्वरूप तसे असल्यास व मालकाची राजीखुशी असल्यास, तिला घरून काम करता येईल, असेही एक कलम दयाबुद्धीने घातले. या दोन कलमांची एका छपराखाली गाठ पडली तर काय होईल, याचा विचार मसुदा लिहिणाऱ्या विद्वानांस सुचलेला दिसत नाही. घरी कामास बसलेल्या मातेची आस्थापना, आमच्या अल्पमतीप्रमाणे, एका माणसाची; तेव्हा पाळणाघराचे नाव नको. पदरमोड करून शेजारच्या पाळणाघरात मूल ठेवू म्हणावे, तर ‘तू घरीच असतेस ना?’ हा सवाल सासरमाहेरचे एकमताने करतात. शिवाय मातेने अपत्याकडे चार वेळा जावे हे ठरले, पण अपत्याने मातेकडे किती वेळा यावे याविषयी अधिनियमाने मौन पाळले, आणि अपत्य त्या मौनाचा पुरेपूर फायदा घेते.

२०२० च्या टाळेबंदीपासून पुण्याच्या खराडी-हिंजवडीकडील अनेक सदनिकांत एकेका कुटुंबात दोन-दोन कचेऱ्या थाटल्या गेल्या. यजमानांची कचेरी आतल्या खोलीत, कारण त्यांचे काम महत्त्वाचे. बाईसाहेबांची जेवणाच्या टेबलावर, कारण तेथून गॅसवरचे दूध दिसते. यजमानांचे काम महत्त्वाचे कशावरून, तर त्यांच्या दाराला आतून कडी असते. आणि कडी कशासाठी, तर काम महत्त्वाचे. (अन्योन्याश्रय दोषाचे उदाहरण पाहण्यास आता नैयायिकांच्या पाठशाळेत जाण्याचे कारण उरले नाही.) टेबलाला कडी नसते. त्यामुळे तीन वर्षांचे चिरंजीव वरिष्ठ अंमलदारासारखे केव्हाही तपासणीस येतात, लॅपटॉपच्या कळांवर स्वहस्ते शेरा मारतात, आणि अमेरिकेतील गिऱ्हाईक विलंबाची कारणे विचारीत असता, नेमक्या त्याच क्षणी, मोरीच्या दिशेकडून ‘आई, झाली!’ अशी खणखणीत वर्दी देतात. या वर्दीत ‘बाबा’ हा शब्द कधी आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

१० मार्च २०१७ रोजी बुसान येथील आपल्या घरून रॉबर्ट केली नामक अध्यापक दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पदच्युतीचे विवेचन बीबीसीवर करीत होते. मागचे दार उघडून कन्या डुलत डुलत आत आली, पाठोपाठ पांगुळगाड्यातून धाकटे बाळ, आणि त्यांच्यामागून दोघांना ओढून नेण्यास धावत, घसरत आलेली माता. जग हसले, अध्यापकांनी खुर्ची न सोडता, मागे न वळता, केवळ एक हात मागे करून कन्येस थोपविण्याचा यत्न केला व विवेचन कसेबसे तडीस नेले. खुर्चीवर माता असती तर? मूल ओढून न्यायला कोण धावले असते हा प्रश्न राहू द्या; पण ‘हिला घरातले बघता येत नाही, निघाली राजकारण सांगायला’ असा अभिप्राय देण्यास माणसे कमी पडली नसती.

सरकारच्या २०१९ च्या वेळ-उपयोग पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवितात, आणि घरकाम करणारे पुरुष ९७. हा हिशेब जे पुरुष ते काम करतात तेवढ्यांचाच. न करणाऱ्या बहुसंख्यांस त्यातून माफी आहे. चहाचा कप बेसिनपर्यंत पोहोचविण्यास लागणारा अवधी कोणत्या सदरात धरला, हे एखाद्या जबाबदार अंमलदाराने आम्हांस कळवावे.

तोवर आमचा एक मसुदा आहे. पुण्याच्या रस्त्यांवर वाहने उभी करण्यास सम-विषम तारखांचा जो नियम चालतो, तोच आतल्या खोलीस लावावा: सम तारखेस यजमान आत, विषम तारखेस बाईसाहेब आत; टेबल, दूध व चिरंजीव ही जंगम मालमत्ता बाहेर बसणाराच्या ताब्यात. यावर यजमानांची हरकत असल्यास ती रीतसर दाखल करून घेण्यास आम्ही दाराशी गेलो होतो. पण ते मीटिंगमध्ये आहेत.